कॅन्सर नव्हता, त्यानंतरची गोष्ट

स्वादुपिंडातली गाठ काढली आणि बायॉप्सीचा रिपोर्ट हातात आला, की डोळे आधी एकच शब्द शोधतात: ‘बेनाइन’, म्हणजे निरुपद्रवी. तो सापडला की घरभर हुश्श होतं, फोनाफोनी होते, सर्जनच्या चेहऱ्यावरही हसू येतं. तीन महिन्यांनी तोच माणूस तपासणीला येतो तेव्हा शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झालेली असते, चार घास खाल्ले की पोट तट्ट फुगतं, दुपारी अंगातलं त्राण जातं. सोबत आलेल्याला कळत नाही, की कॅन्सर तर नव्हता ना, मग हे अजून असे का?

प्रश्न रास्त आहे. स्वादुपिंडाच्या बाबतीत ‘बेनाइन’ हा शब्द फक्त गाठीची जात सांगतो. किती कापलं, काय कशाला जोडलं आणि आत काय उरलं, यावर तो अवाक्षर काढत नाही. व्हिपलचं ऑपरेशन म्हणजे स्वादुपिंडाचं डोकं, अर्थात आतड्याला लागून असलेली बाजू, शेजारच्या भागांसकट काढून आतडं नव्याने जोडणं. निरुपद्रवी गाठीसाठी केलेलं व्हिपल कॅन्सरसाठी केलेल्या व्हिपलइतकंच मोठं असतं. शिवाय इथे पुढे वर्षं भरपूर असतात. पस्तिशीत ऑपरेशन झालेल्या बाईला त्या नव्या जोडणीवर चाळीसेक वर्षं काढायची असतात, नोकरी करायची असते, प्रवास करायचा असतो, लोकांमध्ये बसून जेवायचं असतं.

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट हमखास निसटते, आणि माझ्या मते कळीची गोष्ट तीच आहे. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हा माणूस कसा होता?

दोन पेशंट डोळ्यांसमोर आणा. एकाला क्रॉनिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिस आहे. स्वादुपिंडाला वर्षानुवर्षं सूज, नळीत खडे, पोटातून पाठीत जाणारी कळ, महिन्यातले दहा दिवस अंथरुणात. दुसऱ्याची मूतखड्यासाठी सोनोग्राफी झाली आणि स्वादुपिंडात एक पाणी भरलेली गाठ दिसली, त्रास म्हणाल तर शून्य. समजा, दोघांचीही स्वादुपिंडाच्या डोक्याकडची बाजू काढली. वर्षभराने दोघांनाही जेवणाबरोबर पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल लागतात, दोघांचीही शुगर थोडी वर असते. पहिला म्हणतो, जीव परत मिळाला. दुसरा म्हणतो, मी धडधाकट होतो, तुम्ही मला पेशंट केलंत. दोघंही खरं बोलतात. एकच ऑपरेशन एकाच्या आयुष्यात भर घालतं आणि दुसऱ्याच्या आयुष्यातून वजाबाकी करतं, आणि आयुष्याच्या गुणवत्तेचा दोघांचा मिळून सरासरी गुण काढला की ‘फारसा बदल नाही’ असं उत्तर येतं.

म्हणून गाठवाल्याने ऑपरेशनआधीच कसून विचारून घ्यावं. सीरस सिस्टअ‍ॅडेनोमा ही पातळ पाण्याने भरलेली गाठ; तिचा जवळपास कधीच कॅन्सर होत नाही, लहान असेल आणि त्रास देत नसेल तर तिला हात न लावणं हाच सहसा शहाणपणा. म्युसिनस, म्हणजे चिकट द्राव भरलेल्या गाठींचं तसं नाही, त्यांच्यात पुढे बिघडण्याची क्षमता असते. रिपोर्टमध्ये नुसतं ‘सिस्ट’ लिहिलं असेल तर कोणती, हे विचारल्याशिवाय उठू नये. डोंगर पोखरून उंदीर काढायचा तर निदान तो उंदीर आहे हे आधी माहीत असावं.

स्वादुपिंड साधारण १५ सेंटिमीटर लांब, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर. दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाचकरस यातून आतड्यात उतरतो. इन्सुलिन बनवणारे पेशींचे पुंजके, म्हणजे आयलेट्स, साऱ्या ग्रंथीच्या वजनाच्या एक-दोन टक्केच असतात, आणि शेपटीकडे, म्हणजे प्लीहेजवळच्या टोकाकडे, त्यांची दाटी जास्त असते. त्यामुळे कुठून कापलं याला फार महत्त्व आहे. डोकं काढताना व्हिपलमध्ये ड्युओडेनम (लहान आतड्याचा पहिला भाग), पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा भाग जातो, कधी जठराचं टोकही. पचनाचा रस्ताच बदलतो. शेपटी काढली तर आतड्याची जोडणी जशीच्या तशी राहते, पण साखरेचा भार उचलणारे पुंजके जातात, आणि बरेचदा सोबत प्लीहाही. गाठ लहान आणि मुख्य नळीपासून लांब असेल तर नुसती खुडून काढता येते. ग्रंथी जवळजवळ सगळी वाचते. क्रॉनिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिससाठी बेगर आणि फ्राय या नावांनी ओळखली जाणारी ऑपरेशनं आहेत, ज्यांत डोक्याचा आतला, सुजलेला गाभा कोरून काढतात आणि ड्युओडेनम जागेवर ठेवतात.

इथे स्वादुपिंडाचा एक उफराटा न्याय सांगायलाच हवा. ग्रंथी जितकी निरोगी तितकी जोडणी गळण्याची भीती जास्त. क्रॉनिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिसमध्ये ती घट्ट, तंतुमय झालेली असते आणि नळी रुंद, त्यामुळे टाके धरून राहतात. गाठवाल्याची ग्रंथी लोण्यासारखी मऊ आणि नळी दोन-तीन मिलिमीटरची. सुई आरपार जाते आणि दोरा मांसच कापत सुटतो. पोटातलं पाणी बाहेर काढायला एक नळी, म्हणजे ड्रेन, ठेवलेला असतो. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर त्या पाण्यातलं अमायलेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम रक्तातल्या नॉर्मलच्या कमाल मर्यादेच्या तिपटीहून जास्त आलं तर गळती आहे असं धरतात. बऱ्याच वेळा ही गळती काही न करता, ड्रेन ठेवून थांबते. काहींना मात्र ती नळी पोटाला लावून आठवडेच्या आठवडे घरी राहावं लागतं, आणि ज्याला मुळात काही दुखत नव्हतं त्याला हे जास्त जाचतं.

हॉस्पिटलातून सुटल्यावरच्या आयुष्याचा सगळ्यात मोठा हिस्सा जेवणाच्या ताटाभोवती फिरतो. सर्जन लोक याबद्दल दोन वाक्यं बोलतात आणि पुढच्या पेशंटकडे वळतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

चरबी पचवणारं लायपेज कमी पडलं की शौच बदलतं: रंग फिकट, वास उग्र, पृष्ठभागावर तेलकट चकाकी, आणि पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणं. लाजेखातर लोक हे सांगत नाहीत, ‘पोट बिघडलंय’ म्हणतात. काही जण तर तेल-तूप बंद करून हे लक्षणच लपवतात. शौच सुधारतं, वजन घसरत राहतं. शौचातलं इलॅस्टेज हे स्वादुपिंडाचं एन्झाइम तपासता येतं. दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली म्हणजे कमतरता, १०० च्या खाली म्हणजे मोठी. पण व्हिपलनंतर आकड्यावर अडून बसू नये. ड्युओडेनम गेल्यामुळे ‘अन्न आलं, रस सोड’ हा निरोपच नीट पोचत नाही, आणि रस सुटला तरी अन्नाशी त्याची गाठ उशिरा, पुढच्या वळणावर पडते. ग्रंथीत रस असूनही पचन चुकतं. लक्षणं असतील तर कॅप्सूल सुरू करून फरक पाहणं हा व्यवहारी मार्ग.

एन्झाइमची कॅप्सूल उघडून बघावी एकदा. जिलेटिनच्या टोपणाआड मोहरीहून बारीक, तपकिरी दाणे असतात. प्रत्येक दाण्यावर एक लेप असतो. तो जठराच्या आम्लात टिकतो आणि आम्लता उतरून पीएच साधारण ५.५ च्या वर गेला की विरघळतो. म्हणजे दाणे अन्नात मिसळून, अन्नाबरोबरच आतड्यात उतरायला हवेत. जेवणाआधी अर्धा तास घेतलेली कॅप्सूल अन्न येण्याआधीच निघून जाते, जेवण आटोपून घेतलेली मागे राहते. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर दुसरी, ही रीत बरी. मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला सुरुवातीची मात्रा ४०,००० ते ५०,००० युनिट लायपेज, मधल्या खाण्याला तिच्या निम्मी. पाकिटावर १०,००० किंवा २५,००० असा जो आकडा असतो तो हाच. दहा हजारांची एकच कॅप्सूल सकाळ-संध्याकाळ ‘टॉनिक’सारखी घेणारे कितीतरी लोक आहेत, आणि मग ‘एन्झाइमने काही फरक पडला नाही’ असं लिहून ठेवलं जातं.

मात्रा पुरेशी असून उपयोग दिसत नसेल तर तपासायच्या गोष्टी ठरलेल्या आहेत. वेळ चुकते का, दुधाचा कप किंवा मधलं खाणं कॅप्सूलशिवाय जातं का, बाटली उन्हात किंवा तापलेल्या गाडीत राहिली का. आतड्यातलं आम्ल मारायला स्वादुपिंडाचा अल्कधर्मी रस नसतो, त्यामुळे दाण्यांवरचा लेप उशिरा विरघळतो. अशा वेळी आम्ल कमी करणारी गोळी जोडली की गाडी पुढे सरकते. तरीही पोट फुगत असेल, वास मारणारे वारे सुटत असतील, तर बदललेल्या आतड्यात जंतूंची बेसुमार वाढ झाली असण्याची शक्यता असते. तिच्यावर वेगळा इलाज आहे, कॅप्सूल वाढवून ती जात नाही. गिळता येत नसेल तर दाणे मऊ, आंबटसर, थंड पदार्थावर टाकून न चावता गिळावेत आणि वर पाणी प्यावं. गालात अडकलेले दाणे तोंड सोलवटतात. आणि हो, हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतं. ज्यांना ते घेणं अडचणीचं वाटतं त्यांच्याशी हे आधीच, स्पष्ट बोललेलं बरं. नंतर कळल्यावर माणूस गुपचूप बंद करतो.

चरबी कमी खा, हा सल्ला आता जुना झाला. चरबी तोडण्यापेक्षा ती पचवता येईल इतकं एन्झाइम द्यायचं, असा आताचा विचार आहे. दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं, दर खाण्यात काहीतरी प्रथिनं, आणि आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी वजन. चरबीबरोबर ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वंही वाहून जातात. हाडं विरळ होतात आणि ते कळतं पाच-सात वर्षांनी, मनगट मोडल्यावर. वर्षातून एकदा डी जीवनसत्त्व, लोह, बी-१२ वगैरे रक्ततपासण्या आणि दर दोन वर्षांनी हाडांची घनता, एवढं मागून घ्यावं. आपणहून कोणी लिहून देईलच असं नाही.

साखरेचं प्रकरण याला लगटूनच येतं. स्वादुपिंड कमी झाल्याने होणाऱ्या मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात, आणि तो नेहमीच्या मधुमेहासारखा वागत नाही. यात इन्सुलिन कमी पडतंच, पण साखर घसरली की ती वर ओढणारं ग्लुकागॉनही कमी पडतं. गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर आणि ब्रेक दोन्ही ढिले. शुगर आज ३०० आणि उद्या पहाटे ५०, असे झोके त्यातूनच येतात.

पण एक सापळा असा आहे, की ज्यात शिस्तीचे पेशंटही अडकतात. जेवणाआधी इन्सुलिन नेमकं टोचलं, कॅप्सूल मात्र विसरली. अन्न पोटात आहे, ताट रिकामं झालंय, हिशेब बरोबर आहे. पण पचलंच नाही तर साखर रक्तात येणार कुठून? दोन तासांनी घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. ‘मी तर पोटभर जेवलो होतो’ हे वाक्य ऐकलं की आधी कॅप्सूलबद्दल विचारावं. उलट, महिनोन्‌महिने अर्धपोटी पचनावर चाललेल्या माणसाला कॅप्सूलची पुरेशी मात्रा सुरू केली की शुगर एकदम चढते, आणि घरचे म्हणतात औषध बाधलं. बाधलेलं नसतं, अन्न पहिल्यांदा अंगी लागत असतं. इन्सुलिन त्या मानाने वाढवून घ्यावं लागतं. कॅप्सूल पोटाच्या डॉक्टरची आणि इन्सुलिन शुगरच्या डॉक्टरचं, अशी फाइल दोन ठिकाणी वाटली गेली की हा धागा कोणाच्याच हातात राहत नाही.

शुगर ७० च्या खाली गेली तर १५ ग्रॅम ग्लुकोज, १५ मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायची. ग्लुकोजच द्यायचं; चॉकलेट-बिस्किटातल्या चरबीमुळे साखर रक्तात पोचायला वेळ लागतो, आणि या पेशंटला तर ते पचवायलाच कॅप्सूल लागते. संपूर्ण स्वादुपिंड काढलेल्यांना आयुष्यभर इन्सुलिनला पर्याय नाही. अपवाद एक: क्रॉनिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिसमध्ये पूर्ण ग्रंथी काढून तिच्यातले आयलेट्स वेगळे करून त्याच माणसाच्या यकृतात सोडतात. १९७७ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात हे प्रथम झालं. काहींना त्यानंतर इन्सुलिन लागत नाही, बऱ्याच जणांना लागतं, पण झोके कमी होतात, आणि ते थोडकं नव्हे.

दुखण्याचं काय? क्रॉनिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिसवाला मुळात त्यासाठीच टेबलावर जातो. अ‍ॅमस्टरडॅममध्ये ३९ पेशंटवर झालेला आणि २००७ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास लहान होता, पण त्याने दिशा दाखवली. एंडोस्कोपीने नळी मोकळी केलेल्यांपैकी दोन वर्षांच्या अखेरीस ३२ टक्क्यांना आराम होता, ऑपरेशन झालेल्यांपैकी ७५ टक्क्यांना. फरक इतका ठळक, की अभ्यास मुदतीआधीच थांबवला गेला. पुढे नेदरलँड्समध्येच ८८ पेशंटवर झालेल्या, २०२० मध्ये छापून आलेल्या अभ्यासात लवकर ऑपरेशन झालेल्यांचा वेदनेचा गुण १८ महिन्यांत सरासरी ३७ होता, आधी औषधं आणि एंडोस्कोपी करून पाहिलेल्यांचा ४९. ० ते १०० च्या या मोजपट्टीत ० म्हणजे दुखणं नाही. ३७ म्हणजे दुखणं गेलं असा अर्थ होत नाही, हे पेशंटला आधी सांगायला हवं.

वाट बघण्यात तोटा का, याचं कारण मज्जातंतूंत आहे. वर्षानुवर्षं कळ पोचत राहिली की पाठीच्या कण्यातला मज्जारज्जू आणि मेंदू ती कळ ‘शिकतात’. मग कारण काढून टाकलं तरी घंटा वाजत राहते. अफूवर्गातल्या गोळ्या दीर्घकाळ घेतलेल्यांमध्ये हे अधिक, आणि त्या गोळ्या स्वतःच कधी कधी वेदना वाढवतात. ऑपरेशननंतर त्या एका झटक्यात बंद करायच्या नसतात. आठवड्या-आठवड्याने उतरवायच्या असतात, आणि कोण उतरवणार हे डिस्चार्जच्या कागदावर नावानिशी लिहिलेलं असावं. सिगारेट चालू राहिली तर उरलेली ग्रंथीही त्याच वाटेने जाते. दारूबद्दल सगळे बोलतात, सिगारेट मात्र निसटते.

आता मोजमापाकडे. आयुष्याची गुणवत्ता मोजायला सर्रास वापरली जाणारी, ईओआरटीसी या युरोपातल्या कॅन्सर-संशोधन संस्थेची ३० प्रश्नांची प्रश्नावली मुळात कॅन्सरच्या पेशंटसाठी बनली. थकवा, भूक, झोप, पैशाची ओढाताण, असं बरंच ती विचारते, आणि बहुतेक प्रश्न ‘गेल्या आठवड्यात’ने सुरू होतात. निरुपद्रवी आजाराच्या माणसाला मात्र आठवड्याहून लांबचा हिशेब असतो: जेवायला बोलावलं तर टाळतो का, प्रवासात पहिलं लक्ष संडास कुठे याकडे जातं का, रात्री शुगर पडेल म्हणून एकटं झोपायची भीती वाटते का. युरोपातल्या १८ हॉस्पिटलांमधल्या क्रॉनिक पॅन्क्रिअ‍ॅटायटिसच्या २५० पेशंटवर एक मोठा अभ्यास झाला, २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ड्युओडेनम राखणारं ऑपरेशन आणि व्हिपल, दोन वर्षांनी गुणवत्तेत फरक नाही. याचा अर्थ काही जण लावतात की कुठलंही करा. मला तो अर्थ घाईचा वाटतो. दोन्ही गट दुखण्याने बेजार झालेल्यांचे होते, दोघांनाही दिलासा मिळाला. ज्याला दुखतच नव्हतं त्या गाठवाल्याला हा निकाल लावता येत नाही, आणि त्याच्या बाबतीत शक्य तितकी ग्रंथी वाचवणं हेच पुढच्या तीस वर्षांचं भांडवल.

शेपटीबरोबर प्लीहा गेली असेल तर थोडक्यात इतकं. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिब (हिमोफिलस इन्फ्लुएन्झा बी) या जंतूंविरुद्धच्या लसी शक्य तर ऑपरेशनआधी किमान दोन आठवडे, नाहीतर नंतर दोन आठवड्यांनी; फ्लूची दरवर्षी. थंडी वाजून ताप आला तर ‘उद्या बघू’ नाही. त्याच तासाला अँटिबायोटिक आणि हॉस्पिटल, कारण अशा माणसात साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेततो. कुत्रा चावला तरी तसंच. हे धोके पाच वर्षांनी, दहा वर्षांनीही तसेच राहतात, आणि तोवर माणूस विसरलेला असतो. व्हिपल झालेल्यालाही थंडी-ताप आणि डोळ्यांत पिवळेपणा आला तर पित्तनळीच्या जोडणीत अडथळा शोधायला हवा. ती जोडणी काही वर्षांनी आवळू शकते. त्याच्या जोडणीजवळ अल्सरही होतो, तेव्हा डोकं दुखलं म्हणून मनाने वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत.

पुढे किती वर्षं स्कॅन करायचे, हे गाठीच्या जातीवर. सीरस गाठ पूर्ण निघाली तर प्रश्न मिटला. म्युसिनस सिस्टिक गाठीत कॅन्सरचा अंश नसेल तर तिचंही तसंच. आयपीएमएन हा म्युसिनस गाठींचा दुसरा प्रकार मात्र नळीच्या अस्तरातला आजार असल्याने उरलेल्या ग्रंथीत दुसरी गाठ उगवू शकते, म्हणून एमआरआय चालू ठेवावा लागतो. हा फरक न सांगितल्याने काही जण उगाच दरवर्षी मशीनमध्ये झोपतात, आणि ज्यांनी झोपायला हवं ते घरी बसतात.

जाड फाइल घरी असू दे. पाकिटात एक चिठ्ठी असावी, चार-पाच ओळींची: ऑपरेशनचं नाव आणि तारीख, कोणता भाग काढला, आतडं कशाला जोडलं, प्लीहा आहे की नाही, कॅप्सूल किती युनिटच्या, इन्सुलिन कोणतं. रात्री दोन वाजता एखाद्या अनोळखी कॅज्युअल्टीत ड्युटीवरचा डॉक्टर पोटावरचा व्रण बघून विचारतो, ‘हे कशाचं?’, तेव्हा घाम सुटलेल्या माणसाला ‘गाठ होती, साधी होती’ एवढंच आठवतं.